चार खळगे

"असा चुरगळलेला कोट घालून माझी बाजू मांडणार? लोक मला नावं ठेवतील," असं म्हणत इस्त्रीवाल्या मावशींनी सरांच्या अंगातला काळा कोट काढूनच घेतला. सुनावणीला अजून तासभर होता.

कोर्टामागच्या गल्लीत, जिन्याखालच्या मावशींच्या दुकानात सर स्टुलावर बसले. तीस वर्षं कायदा शिकवला, पण कोर्टाची पायरी आज पहिल्यांदाच चढायची होती. कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात त्यांच्या विद्यार्थिनीने मावशींच्या खटल्याचे सगळे कागद तयार केले होते. कोर्टात बोलायचा अधिकार मात्र तिला अजून नव्हता, म्हणून ही कामगिरी सरांच्या गळ्यात पडली होती. दुकानाचा मालक म्हणत होता, बाई आठ महिन्यांपूर्वी घुसली, तिला बाहेर काढा. मावशी म्हणत होत्या, वीस वर्षं झाली. कागदाचा पुरावा एकाकडेही नव्हता. इस्त्रीखाली टेबल डुगडुगत होतं आणि सर त्याच्या पायांखालच्या फरशीकडे बघत बसले होते.

कोर्टात पुकारा झाला. वर्गात वापरायची टिपणं काढायला सरांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा. टिपणांशिवाय त्यांनी आजवर वर्गात एकही तास घेतला नव्हता.

"खिसे रिकामे केल्याशिवाय मी इस्त्री फिरवत नाही," मावशी कुजबुजल्या. "दुकानातच राहिले वाटतं कागद."

विद्यार्थिनीने कपाळाला हात लावला. सर उठले. पाठ असलेली कलमं ऐन वेळी दगा देऊन गेली होती. डोळ्यांपुढे होती ती फक्त मघाची फरशी.

"बाईसाहेब," ते न्यायाधीशबाईंना म्हणाले, "त्या दुकानात टेबलाच्या पायांनी दगडी फरशीला चार खळगे पडलेत. पेरभर बोट आत जाईल. आठ महिन्यांत दगड एवढा झिजतो का, ते मालकांनी सांगावं."

मालकाने आपल्या वकिलाकडे पाहिलं, वकिलाने पंख्याकडे. न्यायाधीशबाईंनी कारकुनाला पाहून यायला पाठवलं. तो परतला तेव्हा त्याच्या बोटाला धूळ होती. दुकान मावशींकडेच राहिलं.

तिघं थेट तिथेच आली. मावशींनी टिपणं पुढे केली, तीही कडक इस्त्री करून. सरांना कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"सर, उद्या वर्गात लागतील ना?" विद्यार्थिनीने विचारलं.

"टेबल जरा उचल," सर म्हणाले आणि खाली वाकले. घडी घालून त्यांनी टिपणं एका खळग्यात बसवली.

मावशींनी इस्त्री फिरवून पाहिली. टेबल हललं नाही.