निर्मनुष्य किनारा

वादळात घरे गेली तेव्हा शाळेत आसऱ्याला आलेला कोळीवाडा आता संतापला होता.

"शहर वाचवायला सरकारनं वादळ आमच्यावर वळवलं. आम्ही काय माणसं नाही?" दामूकाका म्हणाले.

"माणसं कमी दिसतात तिकडेच वळवतात, काका," हेमांगी म्हणाली. "वरून उपग्रह चालू फोन मोजतो, तेवढीच माणसं धरतो."

बोलता बोलता ती थबकली. वीज नव्हती म्हणून सकाळी तिनेच सगळ्यांचे फोन गोळा करून टेम्पोने तालुक्याला चार्जिंगला धाडले होते.

कोपऱ्यातला रेडिओ सांगत होता, "मागोमाग दुसरे वादळ येत आहे. घाबरू नये. ते निर्मनुष्य किनाऱ्याकडे वळवले आहे."

"चला, या खेपेला सुटलो," दामूकाका म्हणाले. शाळाभर माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. हेमांगी मात्र टेम्पो गेलेल्या रस्त्याकडे धावत सुटली.