टॉनिक बंद

दवाखान्यातून एका बाळाच्या आईला आठवडाभर फोन करतेय, पण उचलते तिची सासूच. "सून कामात आहे, मला सांगा ना!" काय सांगू, कपाळ! दीड वर्षाच्या नातवाचा एचआयव्हीचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, पण सुनेला हा आजार आहे हेच घरात ठाऊक नाही. बाळाला लागण नाही हे पक्कं होईपर्यंत पाजायचं औषधही तिनं टॉनिक म्हणून खपवलंय. आज माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आजी, फोन स्पीकरवर टाका आणि सुनेलाही ऐकू द्या. बाळाचं टॉनिक आजपासून बंद. आता त्याची गरज नाही." "अहो, त्यामुळंच तर पोरानं बाळसं धरलंय! बंद कशाला?" मागे भांडं पडलं, आणि सून ढसाढसा रडायला लागली. सासू माझ्यावरच खेकसली, "रडवलंत ना तिला!" मग तिकडे वळून, "गप गं. एका बाटलीसाठी रडतात का? मी आणते विकत."