पहिला सौदा

आमच्या सोलापुरातल्या घरी नात प्रतिक्षाने संगणकावर क्रिप्टो नाण्यांचा बाजार चाचणीसाठी उभारला; नाणी, रुपये, सारेच कल्पित. दुपारपर्यंत एक सौदा पूर्ण झालेला दाखवला, तरच कंपनी तिला घरून काम करू देणार होती. अन्यथा पुण्यास प्रस्थान अटळ होते. तिने मला, निवृत्त मास्तराला, विक्रेता केले आणि ग्राहक म्हणून आजीला, म्हणजे आमच्या नागूबाईंना, स्वयंपाकघरातून बोलावले. मी शंभर रुपये भाव लिहिला. "लई म्हाग हाय की!" म्हणत नागूबाईंनी पन्नास लिहिले. "आजी, पैसे खोटे आहेत गं!" "म्हणून काय सांगतील त्यो भाव द्यायचा व्हय?" घासाघीस केल्याविना खरेदी त्यांच्या शास्त्रात बसत नव्हती आणि भाव उतरवणे माझ्या. अखेर मी निवेदन केले, "सौदा जुळला नाही, तर पोर पुण्याला जाईल." नागूबाईंनी पदराला हात पुसून पाचशे लिहिले. "घ्या की, मास्तर! आणिक हवं तर बोला!"