पोचल्यावरचा व्हिसा

“कशाला आलात?” अन्नपूर्णानं दरडावून विचारलं.

“फिरायला.”

“किती दिवस?”

“चार.” गोपाळरावांचा आवाज चिरकला. “नंतर... नंतर परत.”

“अय्यो री, अहो, असं कापत सांगितल्यावर कोण आत सोडतंय? मी तर तुमाला शेजारच्या बोगादीलाबी सोडणार नाही.”

जेवणाच्या टेबलापलीकडे ती व्हिसाची अधिकारी होऊन बसली होती. नाकावर नवऱ्याचा चष्मा, पुढ्यात सोलायला घेतलेला लसूण. कन्नड मुलखातल्या हूटगळ्ळीच्या त्या घरात आठवडाभर रोज संध्याकाळी हा खेळ चालला होता. तिला त्याची गंमत वाटायची. गोपाळरावांना मात्र दरदरून घाम फुटायचा.

भीती एकच होती. मुलगा नोकरीला होता त्या देशाचा व्हिसा विमानातून उतरल्यावर तिथल्या खिडकीवरच मिळणार होता. मिळाला तर किरण भेटणार, नाही मिळाला तर आल्या पावली परत. किरणकुमार हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दिवाळीआधी कंप्युटरच्या नोकरीसाठी म्हणून तिकडे गेला, तो पुन्हा घरी फिरकला नव्हता. कंपनी सुट्टी देत नाही, असं अन्नपूर्णा शेजारणींना सांगायची.

गोपाळरावांनी आजवर विमान पाहिलं होतं ते आभाळातच. घराण्याचा कापड रंगवायचा धंदा कधीच बुडालेला. ते बेळगोळच्या एका पंपाच्या कारखान्यात गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घेत. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शिवाय तमिळ, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. फोनवर भल्याभल्यांना गार करणारा हा माणूस, समोर कुणी उभं राहिलं की मात्र मांजर होऊन जायचा.

फोन वाजला. विक्रांत होता. किरणच्याच ठिकाणी काम करणारा, महाराष्ट्रातला मुलगा.

“काका, झाली का तयारी? खिडकीवर नोकरीचं नाव काढायचं नाही. हॉटेलचं बुकिंग मी पाठवलंय, ते दाखवायचं. बाहेर टॅक्सीवाले अंगावर येतील, कुणाशी बोलायचं नाही. आपली पांढरी व्हॅन असेल.”

“गाडीत किरण असेल ना?”

“असेल हो. किती वेळा विचाराल?”

“पण नक्की असेल ना?”

“नक्की. तुमची तब्येत कशी आहे? बीपी वगैरे?”

“गोळी चालू आहे. दिवसभर फोनवर बोललो तरी दमत नाही मी.”

“छान,” विक्रांत म्हणाला.

अन्नपूर्णानं लसणाच्या साली गोळा केल्या. “किती काळजीनं विचारतोय बघा! आपल्या किरणाला चांगली सोबत मिळालीय.”

गोपाळराव उठून हात धुवायला गेले.

बॅग भरताना ती पुन्हा हसली. “चार दिवसाला इतक्या गोळ्या? दुकान घालणार काय तिकडे?”

“असू दे. तिकडे मिळत नसतील.”

“आणि ही चकली त्याला द्या, वाटेत तुमीच संपवू नका. येताना दोघं मिळून या. सुम्मने, उगाच लांबवत बसू नका.”

“किरण येईल,” गोपाळराव म्हणाले आणि त्यांनी चेन ओढली.

तिकडच्या विमानतळावर एसीचा गारठा होता. व्हिसाच्या रांगेत त्यांनी फोटो, डॉलर, बुकिंग पुन्हा पुन्हा चाचपलं. खिडकीत एक तरुण बाई होती. तिनं मान वर न करता इंग्रजीत विचारलं, “कशासाठी?”

“फिरायला.”

“एकटेच?”

हा प्रश्न अन्नपूर्णानं कधी विचारलाच नव्हता. डोळे मिटून त्यांनी समोर फोन आहे असं मनाशी धरलं.

“बायकोला विमानाची भीती वाटते, मॅडम.”

तिनं त्यांचा कोरा पासपोर्ट उलटसुलट केला. मग शेजारच्या साहेबाला बोलावलं. दोघं काहीतरी कुजबुजले, साहेबानं गोपाळरावांकडे टक लावून पाहिलं. संपलं, आता परत पाठवणार. मग किरणचं काय? त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली.

शिक्का पडला. त्यांना रडूच आलं. बाई पहिल्यांदा हसली आणि तिनं पुढच्याला बोलावलं.

बाहेर उकाडा होता. टॅक्सीवाल्यांना चुकवत ते चालत राहिले. कडेला पांढरी व्हॅन उभी होती. किरणच्याच वयाचा एक मुलगा पुढे आला, वाकून त्यानं नमस्कारही केला.

“काका, मी विक्रांत. प्रवास बरा झाला ना? पासपोर्ट द्या, नोंद करावी लागते.”

“किरण कुठाय?”

विक्रांतनं व्हॅनचं दार सरकवलं. मागच्या बाकावर, दोन दांडग्या माणसांच्या मधे किरण बसला होता. गालफडं बसलेली, एका डोळ्याखाली काळंनिळं. बापाला बघून तो ओरडला, “अप्पा, ब्याड, नको! चढू नका! माझ्या बदली कुणालाबी बोलवणार नाही म्हणून मी मार खाल्ला, आणि तुमी—”

एकानं त्याचं तोंड दाबलं. विक्रांत हसत होता. त्याचा हात पासपोर्टसाठी अजून पुढेच होता.

गोपाळराव एक पाऊल मागे सरकले, माणसांच्या वर्दळीत. पण तोंडातून निघाला तो कारखान्यातल्या फोनवरचा आवाज, शांत आणि स्वच्छ.

“फोनवरून लोकांना फसवायला तुम्हाला माणूस हवाय; एक सोडवायचा तर बदली एक द्यायचा, हा तुमचा नियम. तुमच्या साहेबांशी फोनवर माझं तसंच ठरलंय. त्याचा पासपोर्ट त्याच्या हातात द्या, त्याला खाली उतरवा. मग मी चढतो.”