पास्कलच्या घरचा पाहुणा

पडद्यावर पुन्हा चूक उमटली, तशी आठवीतल्या जरीनानं दप्तर खांद्याला लावलं.

"मी न्हाय येत उद्यापासनं, तात्या. वर्षभर बेसिक शिकलो, ते सगळं वाया गेलं."

सत्याऐंशी साल. मंगळवार पेठेतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत संगणक एकच होता आणि या महिन्यापासून त्यावर बेसिकऐवजी पास्कल ही भाषा सुरू झाली होती. शिकवणारे तात्या म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. शिकतं पोर वर्गातून उठून गेलं, की त्यांना घास गोड लागत नसे.

त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडं पाहिलं. सतराचा पाढा छापायचा होता. बेसिकच्या सवयीनं पोरीनं प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीआधी आकडा घातला होता. दहा, वीस, तीस.

"दहानंतर अकरा का न्हाय घातलंस?"

"मागनं एखादी ओळ आठवली तर मधी बसवायला जागा नको?"

"म्हंजे पंगतीत पावण्यासाठी पान मोकळं ठेवलंस. शाणी हायस. पर पास्कलच्या पंगतीत पानांना नंबर नसतात. पावणा आला की बाकीची आपली सरकून बसतात. खोड ते आकडे."

जरीनानं उभ्याउभ्याच आकडे खोडले. आता यंत्राची तक्रार वेगळी होती. पाढ्यातल्या बदलत्या आकड्याला तिनं 'एन' म्हटलं होतं; हा 'एन' कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बघा! बेसिकनं कवा असलं इचारलं न्हाय."

"न्हाय इचारत. बेसिकच्या घरी कवाबी जा, ताट वाढलेलंच. पास्कल जरा कडक हाय. कोण येणार, कसला माणूस, ते आदी कळवायचं, मगच चूल पेटणार. पर सख्ख्या भनी हायत त्या. एकीच्या हातचं जेवलीस, तर दुसरीकडं उपाशी ऱ्हाशील व्हय?"

जरीना बाकावर टेकली. सगळ्यात वर तिनं एक नवी ओळ घातली: 'एन' येणार आहे, तो पूर्णांक आहे.

पाढा सरसर खाली उतरला. तिनं तो पुटपुटत शेवटपर्यंत तपासला. दप्तर खांद्यावरून कधी घसरलं, तिला कळलंच नाही.

निघताना ती दारात थांबली.

"तात्या, उद्या माझ्यासंगं पद्मजा येणार हाय. सातवीतली. तिला यातलं काय येत न्हाय. आदीच सांगून ठेवतो."

बाकाच्या कडेला पुस्तकांचा गठ्ठा होता, तो तात्यांनी उचलून खाली ठेवला.