सगळ्यांची एकच बत्तिशी

छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर चित्रं काढणाऱ्या ताईंनी आयुष्यात एकच हसरा पुरुष काढला होता. पुढे सगळीकडे त्याच्याच जोडलेल्या नकला. टोपी घातली की तो पोस्टमन, पांढरा कोट चढवला की डॉक्टर, हातात गुच्छ दिला की लग्नपत्रिकेवरचा नवरदेव. मूळ चेहऱ्यात काही बदललं की सगळ्या चित्रांत आपोआप बदलायचं. "एका बटणावर साऱ्या गावाची तोंडं रंगवते मी!" असं त्या ऐटीत सांगायच्या.

एकदा दातांच्या डॉक्टरांची जाहिरात आली. त्यांना उपचाराआधीचा, बोळक्या तोंडाचा माणूस हवा होता. आधी नक्कल वेगळी करायची हे ताई विसरल्या आणि त्यांनी मूळ चेहऱ्याचेच दात पुसले. त्याच सुमारास एका लग्नाच्या पत्रिका छापून घरोघर पोचल्या, तेव्हा कुठे मालकांनी एक उघडून पाहिली. नवरदेव तोंडभर हसत होता आणि तोंडात औषधालाही दात नव्हता.

"ताई, हे लग्न मोडलं तर उद्यापासून तुम्ही घरीच बसा," मालक कडाडले. "आणि नवऱ्या मुलाच्या आईचा फोन आलाय, तो तुम्हीच घ्या. तुमच्या वाटच्या शिव्या मी नाही खायचा."

ताईंनी जीव मुठीत धरून फोन कानाला लावला.



पलीकडून दबका आवाज आला, "अहो, कवळीचं आम्ही मुलीकडच्यांनासुद्धा कळू दिलं नव्हतं. तुम्हाला कोण बोललं?"