सपाट काचेची शेगडी

टीं... टीं... असं दोनदा वाजून शेगडी गप्प झाली.

काकासाहेबांनी काचेवरून पुन्हा बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. हाताला काहीच लागेना. ना खटका, ना खाच. सगळं कसं गुळगुळीत. पातेल्यातलं दूध अजून थंडगार होतं.

"बसा की जाग्यावर. मी करते," म्हणत रंगुबाई आली. तिनं एका बोटानं शेगडी चालू केली आणि नवऱ्याला दंडाला धरून खाटेवर नेऊन बसवलं.

साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला हा माणूस. दोन वर्षांमागं काचबिंदूनं नजर गेली, तेव्हापासून गॅसजवळ त्यांना कुणी फिरकू देत नव्हतं. म्हणून तर त्यांच्या मुलानं, सुनीलनं, हौसेनं ही विजेची शेगडी आणली. "जाळ नाही, भडका नाही. अण्णा, आता तुमचा चहा तुम्ही करा," म्हणाला. डोळे असलेल्या माणसानं आणली. शेगडीवर चाचपायला काहीच नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते सुनीलच्या मागं गाडीवर बसून देवळालीहून राहुरीला, शेगडी घेतली त्या दुकानात गेले.

"बटणाची द्या," त्यांनी सांगितलं.

"काका, बटणाची आता येतच नाही. सगळं टच," दुकानदार हर्षल म्हणाला. "आणि खोकं फोडल्यावर कंपनी माल परत घेत नाही. पण तुम्हाला कशाला हा ताप? घरात मावशी आहेत, सूनबाई आहेत."

"मलाच पायजे," काकासाहेब एवढंच बोलले आणि चाचपडत गाडीकडं वळले.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. "पूजा, माझं बोट धर. चालू करायचं कुठं, ते दाव."

पूजानं त्यांचं बोट काचेवर टेकवलं. त्यांनी त्या जागेच्या कडेला फेविकॉलनं ज्वारीचा एक दाणा चिकटवायला लावला. आच वाढवायची तिथं दोन दाणे, कमी करायची तिथं तीन. बंद करायच्या जागेशी मात्र चिंचोका.

"एवढा मोठा कशाला, अण्णा?"

"घाईत हाताला आधी तोच लागला पायजे."

मग सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी दूध ओट्यावरून खाली गेलं. दुसऱ्या दिवशी शेगडी नुसतीच टीं टीं करत बसली. काकासाहेबांनी दाणे चाचपले, ते जागेवर होते. मग त्यांना शंका आली ती पातेल्याची; चुंबक न धरणारं भांडं असल्या शेगडीवर तापत नाही. हत्यारांच्या जुन्या पेटीतून त्यांनी लोहचुंबक काढला आणि मांडणीवरच्या एकेका भांड्याच्या बुडाला लावून पाहिला. ॲल्युमिनियमची सगळी बाद झाली. स्टीलची दोन पातेली चुंबकाला चिकटली, ती त्यांनी वेगळी ठेवली.

तिसऱ्या दिवशी बोट भाजलं. रंगुबाई धुणं टाकून मागच्या दारानं धावत आली.

"घोटभर चहापायी हात जाळून घ्या आता! मी काय मेले का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांना दिसलं नाही, पण आवाजात कळलं.

काकासाहेबांनी बोट पाण्यात बुडवलं. थोड्या वेळानं पुन्हा शेगडीकडं गेले.

कारखान्यात बॉयलरचा सूर बदलला की ते हातातला घास ठेवून उठायचे. तो कान अजून शाबूत होता. दूध आधी सूं करतं, मग बारीक कुरकुरतं आणि वर चढताना एकदम गप्प होतं. ती गप्प व्हायची वेळ त्यांनी चार दिवसांत पकडली.

आठव्या दिवशी दुपारी सुनील आणि पूजा कामावर गेले होते. काकासाहेबांनी एका पातेल्यात आमटी गरम केली. ते उतरवून दुसऱ्यात चहा ठेवला. रंगुबाई दाराशी उभी राहून बघत होती. दोनदा ती पुढं झाली आणि दोनदा मागं सरली. कपाच्या काठाशी बोट धरून त्यांनी चहा ओतला. ओट्यावर एक थेंब सांडला नाही. कप तिच्यापुढं धरला.

रंगुबाईनं घोट घेतला. "बरा झालाय की वो," ती म्हणाली. मग हसली. "मिळाली ना आता जिवाला शांती? लई हट्टी माणूस!"

"भाकरी पूजा सकाळी करून ठेवतीच," काकासाहेब म्हणाले. "आमटी मी गरम केली, चहा मी केला. आता माझं काय अडतंय, सांग."

"काही न्हाई अडत."

"मग अकोल्याला राहीबाईला फोन लाव. म्हणावं, उद्याच्या गाडीनं येते, चांगली आठ दिवस राहते. दोन वर्सं झाली, माझ्या चहापायी तू सख्ख्या बहिणीचं तोंड पाह्यलं न्हाईस."